हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू झाल्या की शुगरची वही उघडा

हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तातून नाहीसा होऊ लागला की बऱ्याच मधुमेहींची साखर खाली येऊ लागते. ही चांगली गोष्ट आहे. पण जो ग्लिमेपिराइडची गोळी घेतो किंवा इन्सुलिन टोचतो, त्याला हीच गोष्ट पहाटे तीनला घामाने भिजवून उठवू शकते. लिव्हरच्या गोळ्या एका ठिकाणी मिळतात, शुगरच्या गोळ्या दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही फाइली एकमेकींना कधी भेटत नाहीत. ती भेट तुम्हीच घडवायची. त्यासाठी एक साधी दोनशे पानी वही पुरते.

विषाणूचा साखरेशी काय संबंध

सांगलीजवळ हरिपूरला पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, हळद साठवायचे, तसं लिव्हर साखर साठवतं. दोन जेवणांच्या मधे, विशेषतः रात्री, ते त्यातून थोडी थोडी बाहेर काढतं, नवीनही बनवतं. पेवाचं तोंड कधी बंद करायचं, हे इन्सुलिन सांगतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू लिव्हरच्या पेशीत राहतो आणि त्याचं 'कोअर' नावाचं प्रथिन इन्सुलिनचा निरोप पुढे नेणाऱ्या साखळीतलीच कडी तोडतं. दीर्घकाळच्या सुजेमुळे वाढलेला टीएनएफ-अल्फा हा घटक त्यात भर घालतो. निरोप पोचत नाही म्हणून पेव उघडंच राहतं. मग स्वादुपिंड दुप्पट, तिप्पट इन्सुलिन सोडून साखर कशीबशी आवरतं. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. स्वादुपिंड दमलं की मधुमेह.

भारतात या विषाणूचा जीनोटाइप ३ (जीनोटाइप म्हणजे उपप्रकार) सगळ्यात जास्त आढळतो. हा प्रकार लिव्हरमध्ये स्वतःच चरबी साठवतो आणि विषाणू गेला की ती चरबी बरीचशी उतरते. जीनोटाइप १ मध्ये मात्र चरबीचं मूळ बहुधा पोट, वजन आणि इन्सुलिन रेझिस्टन्स यांत असतं, त्यामुळे विषाणू गेला तरी ती जागची हलत नाही. बरं झाल्यावरही सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आलं तर कारण बहुतेक वेळा इथे असतं. औषध फसलं असा त्याचा अर्थ नाही.

एक जुनी समजूत अजून ऐकू येते: "आधी शुगर आटोक्यात आणा, मग सीचं बघू." इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात याला आधार होता, कारण इन्सुलिन रेझिस्टन्स असेल तर ती इंजेक्शनं कमी लागू पडायची. आताच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुग्ण बरे होतात आणि वाढलेल्या साखरेने त्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे शुगरसाठी हा उपचार महिनोन् महिने लांबवू नका. ज्यांचा पूर्वी इंजेक्शनांचा कोर्स वाया गेला, त्यांनी तर नक्की पुन्हा दाखवावं. कोर्स ठरवताना ती जुनी माहिती लागते, तेवढी सांगा.

सुरू करण्याआधीचा आठवडा

गावात बी आणि सी दोन्ही 'पांढरी कावीळ' याच नावाने ओळखल्या जातात. म्हणून आधी कागद नीट वाचा. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच. तो आजही आहे का, हे एचसीव्ही आरएनए, म्हणजेच व्हायरल लोड, सांगतो. त्यासोबत हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी तपासणी झालीच पाहिजे. सी गेल्यावर दबून बसलेला बी उसळी मारू शकतो.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आणि त्यात तपासण्या व गोळ्या मोफत आहेत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे चौकशी करा. जाताना आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. नावं तोंडपाठ असली तरी पाकिटंच न्या, कारण मिलिग्रॅमचा आकडा पाकिटावर असतो.

लिव्हर किती निबर झालंय, याचा पहिला अंदाज घरबसल्या काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरचे एन्झाइम रक्ताच्या रिपोर्टमध्ये असतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. समजा वय ५२, एसजीओटी ६८, एसजीपीटी ८१ आणि प्लेटलेट्स १.४० लाख. इथेच बहुतेकांची चूक होते: सूत्रात १.४० किंवा १,४०,००० घालायचे नाहीत, १४० घालायचे. ५२ × ६८ = ३,५३६. ८१ चं वर्गमूळ ९, १४० × ९ = १,२६०. उत्तर २.८१. १.४५ च्या खाली असेल तर सहसा काळजी कमी, ३.२५ च्या वर असेल तर लिव्हर बरंच आखडलेलं असण्याची शक्यता. मधलं आलं तर फायब्रोस्कॅनचं, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचं, विचारा. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर पार आखडून जाणं, आहे की नाही यावर गोळ्यांची जोडी आणि मुदत ठरते, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

शुगरचे तीन आकडे लिहून ठेवा: रिकाम्या पोटीची, जेवणानंतर दोन तासांची आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी. सिरॉसिस असेल तर फक्त रिकाम्या पोटीच्या आकड्यावर विसंबू नका. तो अगदी नॉर्मल येतो आणि जेवणानंतरचा २५० वर जातो, असं वारंवार दिसतं.

इन्सुलिन रेझिस्टन्स आकड्यात हवा असेल तर होमा काढा. रिकाम्या पोटीची साखर गुणिले रिकाम्या पोटीचं इन्सुलिन, भागिले ४०५. साखर ११८ आणि इन्सुलिन १६ असेल तर ११८ × १६ = १,८८८, भागिले ४०५ = ४.६६. साधारण २ ते २.५ च्या वर गेलं की रेझिस्टन्स धरतात. रात्री नऊला जेवण, मग पाण्याशिवाय काही नाही, सकाळी सात-आठला रक्त. साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी, इन्सुलिनसाठी वेगळी. नमुन्यातलं रक्त फुटून लालसर झालं असेल तर तो पुन्हा द्या, कारण फुटलेल्या रक्तपेशी इन्सुलिन नष्ट करतात आणि आकडा खोटा कमी येतो. जो इन्सुलिन टोचून घेतो त्याने या तपासणीवर पैसे घालवू नयेत, बाहेरचं इन्सुलिन मोजलं जाऊन हिशेबच बिघडतो. खरा उपयोग त्याला, ज्याची शुगर 'नॉर्मल' आहे पण पोट सुटलंय आणि मानेवर काळसर मखमली वळ्या आल्यात.

बारा आठवडे

सिरॉसिस नसेल तर सरकारी कार्यक्रमात बहुधा सोफोसबुव्हिर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिग्रॅ, रोज एकदा, १२ आठवडे. सिरॉसिस असेल तर सोफोसबुव्हिर ४०० आणि व्हेलपाटासव्हिर १०० ही जोडी. पोटात पाणी झालेल्यांना रिबाव्हिरिन जोडतात किंवा मुदत २४ आठवडे करतात. बारा आठवड्यांच्या गोळ्या ८४. डबीत २८ असतात, म्हणजे तीन डब्या. दुसरी डबी संपायच्या आठ दिवस आधी तिसरी हातात हवी. ऊसतोडीला, लग्नाला किंवा वारीला निघालात तर डबी सोबत. एखादी गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नका.

वहीत रोजची एक ओळ: तारीख, कितवी गोळी, रिकाम्या पोटीची शुगर, आणखी एका वेळेची शुगर, शुगरच्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस, आणि शेवटी 'काय वेगळं': उपास, ताप, जास्त चालणं, जेवण चुकणं. भरलेली ओळ अशी दिसते:

१२ जून / गोळी १९ / रि.पो. ८८ / रात्री झोपताना ९६ / ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ सकाळी / दुपारी जेवण उशिरा, चारला हात थरथरले.

या एका ओळीवरून डॉक्टर डोस कमी करू शकतात. "बरं वाटत नाही" एवढ्यावर करू शकत नाहीत.

पहिले चार आठवडे रोज रिकाम्या पोटी, आणि दुसरी वेळ आलटून पालटून: आज नाश्त्यानंतर दोन तासांनी, उद्या रात्री जेवणानंतर. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर झोपण्यापूर्वीही, आणि आठवड्यातून एकदा पहाटे तीनचा गजर लावून. त्यानंतर कोर्स संपेपर्यंत आठवड्यातून तीन दिवस. गोळ्या संपल्यावरही पुढचे तीन महिने आठवड्यातून दोन दिवस. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर शुगर फार खाली जायची भीती कमी, तिथे आठवड्यातून दोनदा पुरतं.

डॉक्टरांना कधी कळवायचं? ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर किंवा इन्सुलिनवर असाल आणि रिकाम्या पोटीचा आकडा एका आठवड्यात दोनदा ९० च्या खाली आला, तर फोन करा. एकदाही ७० च्या खाली गेला तर त्याच दिवशी. डोस किती कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील, पण "सीच्या गोळ्या सुरू आहेत" हे वाक्य आपणहून सांगा. मधुमेहाच्या डॉक्टरांना ते माहीत नसेल तर ते आकडा बघून शाबासकी देतील आणि डोस तसाच ठेवतील. सीच्या गोळ्या मात्र शुगर उतरली म्हणून स्वतःहून बंद करू नका.

ग्लुकोमीटर खोटं बोलतो त्याची कारणं साधी असतात. गूळ, उसाचा रस किंवा द्राक्षं हाताळलेल्या बोटावर टोचलं की १३० ची शुगर २२० दिसते. सॅनिटायझर चोळून भागत नाही, साबण-पाण्याने हात धुवा आणि कोरडे करा. दुसरं कारण स्ट्रिप. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो की उघड्या राहिलेल्या डबीतल्या स्ट्रिप बिघडतात. स्ट्रिप काढली की लगेच झाकण लावा.

टोचणीचं पेन आणि सुई फक्त एकाची. घरात नवरा-बायको दोघांना शुगर असते आणि टोचणी एकच असते, हे सर्रास चालतं. हिपॅटायटिस सी रक्तातूनच पसरतो, आणि सुईवर डोळ्यांना न दिसणारं रक्तही त्याला पुरतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि ती बंद करून दवाखान्यात द्या. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रशही वेगळे ठेवा. ताट, तांब्या, टॉवेल वेगळा करायची काहीच गरज नाही. रुग्णाला वेगळं जेवायला बसवणं हा निव्वळ अन्याय आहे.

एचबीएवनसी कधी फसवतो

रिबाव्हिरिन चालू असेल तर तांबड्या पेशी लवकर फुटतात. पेशी तरुण राहतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि एचबीएवनसी खोटा कमी येतो. सिरॉसिसमध्ये प्लीहा मोठी झाली असेल तरी तसंच. उलट, लोह कमी असल्याने रक्त कमी असेल तर तो खोटा जास्त येऊ शकतो. हिमोग्लोबिन घसरलेलं असेल तर एचबीएवनसी बाजूला ठेवा आणि वहीतल्या आकड्यांवर चला. रिबाव्हिरिनबद्दल आणखी एक: ते चालू असताना आणि संपल्यावर निदान सहा महिने गर्भ राहता कामा नये, औषध बाई घेत असो वा तिचा नवरा.

शुगर लो झाली तर

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड. शक्य असेल तर मोजा, मीटर जवळ नसेल तर लो आहेच असं धरून चाला. तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून प्या. सुमारे १५ ग्रॅमचा गुळाचा खडा चावून खाल्ला तरी चालेल. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की अर्धी भाकरी-भाजी किंवा दूध-पोळी खा, नाहीतर तासाभरात पुन्हा उतरते.

साताऱ्यात अशा वेळी हाताशी कंदी पेढा असतो आणि तोच दिला जातो. त्याने वेळ जातो. पेढ्यातल्या खव्याची चरबी साखर रक्तात जायला उशीर लावते. साखरेचं पाणी आधी, पेढा नकोच. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली शुगर एकदा वर येऊन पुन्हा पडू शकते, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. म्हणून पुढचे चोवीस तास एकटं सोडू नका.

उपासाचे दिवस आधीच वहीत खूण करून ठेवा. एकादशीला सकाळची गोळी घेतली आणि खिचडी दुपारी दोनला खाल्ली, तर बाराला लो आणि चारला साबुदाण्याने हाय, असा झोका बसतो. आषाढात लोणंद, तरडगाव, फलटणच्या वाटेने माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांनी तर निघण्यापूर्वीच डोस विचारून घ्यावा. रोजचं पंधरा-वीस किलोमीटर चालणं हेच मोठं औषध असतं, त्यावर नेहमीची गोळी जड होते.

कुठली गोळी कुणाशी भांडते

सगळ्यात जास्त घोटाळा गॅसच्या गोळीचा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल सकाळी उपाशीपोटी घ्यायची सवय इतकी घरोघरी आहे की लोक ती औषधात मोजतच नाहीत. व्हेलपाटासव्हिरला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. या गोळ्यांनी आम्ल कमी झालं की ते पुरेसं शोषलं जात नाही. शक्य असेल तर बारा आठवडे गॅसची गोळी बंद ठेवा, बंद करणं शक्य नसेल तर वेळेचं अंतर डॉक्टरांकडून लिहून घ्या. अँटासिडचं पातळ औषध आणि व्हेलपाटासव्हिरच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं.

फिटसाठीचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, आणि क्षयाचं रिफाम्पिसिन सीच्या गोळ्यांचा असर मोडून टाकतात. ते चालू असेल तर कोर्स सुरूच करू नका, आधी बोला. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन असेल तर सोफोसबुव्हिरबरोबर ठोके धोकादायक मंदावू शकतात. कोलेस्टेरॉलच्या रोसुव्हास्टॅटिनची मात्रा व्हेलपाटासव्हिरबरोबर १० मिग्रॅच्या वर नको.

मधुमेहाच्या बाजूला मेटफॉर्मिनचं सीच्या गोळ्यांशी जमतं. पण पोटात पाणी किंवा भ्रम होण्याइतकं लिव्हर थकलं असेल तर मेटफॉर्मिन चालत नाही. व्हिल्डाग्लिप्टिनही लिव्हरचे एन्झाइम बरेच वाढलेले असताना टाळतात. पायांना सूज असेल तर पायोग्लिटाझोनबद्दल विचारा.

आता 'लिव्हर साफ करणाऱ्या' घरगुती औषधांबद्दल. गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. आमटीतली हळद खुशाल खा, सांगलीत राहून ती सोडायला कोण सांगेल! पण काळी मिरी घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेऊ नका, त्यांनीही लिव्हर सुजल्याची उदाहरणं आहेत. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि ते साखर सरळ वर चढवतं. कोर्सच्या काळात अशा पुड्या पूर्ण बंद. दारूही बंद. तिने लिव्हर तर बिघडतंच, शिवाय ग्लिमेपिराइडबरोबर शुगर एकदम खाली येते.

उरलेला रेझिस्टन्स

विषाणूने आणलेला रेझिस्टन्स विषाणूबरोबर जातो. पोटावरच्या चरबीने आणलेला जात नाही. बरं झाल्यावर भूक खुलते, अंगात ताकद येते आणि वजन वाढतं, तिथे हा दुसरा भाग पुन्हा डोकं वर काढतो. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवा. ८० किलोच्या माणसाला ते सहा ते आठ किलो.

शाळूची भाकरी चांगलीच, पण चार भाकऱ्या म्हणजे पिठूळ पदार्थाचा ढीगच. दोन भाकऱ्या, वाटीभर कोरेगावचा वाघ्या घेवडा किंवा मटकीची उसळ, आणि ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर. उसाचा रस, गुळाचा चहा आणि काकवी यांचा लिव्हरवर साखरेइतकाच भार पडतो, 'नैसर्गिक' असल्याने त्यात काही फरक पडत नाही. भडंग मूठभर ठीक, परातीतून नाही. सिरॉसिस असेल तर उपाशी झोपू नका, रात्री झोपताना थोडं खा, कारण अशा लिव्हरचं पेव रात्रीतच रिकामं होतं आणि शरीर स्नायू मोडून खायला लागतं.

"दिवसभर रानात असतो, वेगळा व्यायाम कशाला" हे आता सगळ्यांना लागू नाही. ट्रॅक्टरने नांगरट आणि ठिबकने पाणी झालं की पाय दिवसभर बांधावरच राहतात. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याची चढण, सांगलीत कृष्णाकाठचा घाट. दोन दिवस उठाबशा किंवा वजन उचलणं जोडा, कारण रक्तातली साखर सर्वांत जास्त शोषतो तो स्नायू.

गोळ्या संपल्यावर

शेवटच्या गोळीपासून १२ आठवड्यांनी एचसीव्ही आरएनए तपासा. 'आढळला नाही' आलं म्हणजे बरे झालात. चांगलं वाटतंय म्हणून ही तपासणी टाळणारे खूप असतात, आणि फसलेले थोडे लोक त्यांच्यातच सापडतात. त्याच दिवशी रिकाम्या पोटीची शुगर, एचबीएवनसी आणि लिपिड प्रोफाइल करून घ्या. विषाणू कोलेस्टेरॉल दाबून ठेवतो, तो गेला की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वर येतं. ते दिसलं तर घाबरू नका, पण गोळी लागेल का हे विचारा. एचबीएवनसी सरासरी अर्ध्या टक्क्याहून कमीच उतरतो, कुणाचा जास्त, कुणाचा अजिबात नाही. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या 'लिव्हर बरं झालं' या आनंदात एकदम सोडू नका.

सिरॉसिस असलेल्यांनी बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, पण संपत नाही, आणि मधुमेह तो वाढवतो. विषाणू पुन्हा लागूही शकतो. जत्रेतलं गोंदण आणि जुनी सुई वापरणारा दवाखाना आताही टाळा.

अँटी-एचसीव्ही बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहतो. पुढे कधी ऑपरेशनच्या आधी तो रिपोर्ट आला की सगळे दचकतात. म्हणून आरएनए 'आढळला नाही' हा कागद लॅमिनेट करून वहीच्या पहिल्या पानाला लावा आणि तोच दाखवा. रक्तदान शिबिरात मात्र नाव देऊ नका, हिपॅटायटिस सी होऊन गेलेल्यांचं रक्त रक्तपेढी कायमच घेत नाही.